बिनकंठीचा राघोबा

१

पिंजऱ्याची कडी बाहेरून नीट घातलेली होती. जाळी कुठे उसवलेली नव्हती. आणि आत दोनाच्या जागी एकच पक्षी होता.

नारायण मास्तर पिंजऱ्यासमोर पाट टाकून बसले होते. घरात मयत झाली म्हणजे माणूस बसतो तसे. आम्ही अंगणात शिरलो, बुवांच्या पिशवीत चिपळ्या वाजल्या, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"हरी हरी, मास्तर," बुवा म्हणाले.

"मादी गेली, बुवा. सकाळी पाहतो तर नाही."

मी कमलाकांतबुवांचा पेटीवाला. बुवा उभे राहून कीर्तन करतात, मी मागे बसून सूर धरतो. बुवांनी संसार केला नाही, माझा होता तो देवाने नेला. वऱ्हाडात कुठेही गेलो तरी दुसऱ्याच्या ओसरीवर निजायचं आणि दुसऱ्याच्या घरचं गोड मानून घ्यायचं, असं आमचं दोघांचं आयुष्य. त्रेसष्ट सालच्या माघात अकोल्याची कीर्तनं आटोपून आम्ही अमरावतीला उतरलो, ते मास्तरांकडे. मास्तर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर ते दोन वर्षं कुणाशी बोलले नव्हते. मुलगी कुंदा वाढेल ते जेवायचे आणि भिंतीकडे पाहत बसायचे. त्यांना पुन्हा बोलतं केलं ते पोपटांनी.

साधे पोपट नव्हेत, पहाडी राघू. आकाराने दांडगे, आवाज जड, पंखावर खांद्यापाशी तांबडा डाग. मास्तरांच्या तरुणपणी पातूरच्या डोंगरात त्यांचे थवे होते. मग लोकांनी ढोलीतली पिलं काढून काढून पिंजऱ्यात घातली, ठेकेदारांनी ढोलीची जुनी झाडं तोडली, आणि डोंगर मुका झाला. मास्तरांनी बेत आखला होता. पातूरजवळच्या एका घळीतली म्हातारी झाडं जंगलखात्याने राखायची, तिथेच मोठा पिंजरा बांधून एका जोडीची वीण वाढवायची, आणि पिलं पंखात बळ आलं की सोडून द्यायची. खात्याचे साहेब येत्या शनिवारी जोडी पाहायला यायचे होते. जोडी दिसली तर झाडं राहणार, नाहीतर त्या घळीत कुऱ्हाड चालणार.

आणि आता पिंजऱ्यात उरला होता एकटा नर. गळ्याभोवती काळी-गुलाबी कंठी, डोळ्यांत राग.

बुवा खाली बसले. पिंजऱ्यात पक्ष्यांना न्हायला एक पसरट थाळा होता, राखेने घासून लख्ख केलेला. बुवांनी आत हात घालून पाण्याच्या तळाशी बोट फिरवलं आणि बाहेर काढलं.

बोटाचं टोक हिरवं झालं होतं.

२

"शेवाळ असेल," मास्तर म्हणाले.

"रोज घासलेल्या थाळ्याला?" बुवांनी बोट पंचाला पुसलं आणि तो विषय तिथेच सोडला.

कुंदाने चहा आणला. तिशी ओलांडलेली मुलगी, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. माजघराच्या भिंतीवर तिने बापाच्या बेताचा मोठा नकाशा रंगवला होता. पातूरचे डोंगर, घळ, एकेक झाड हिरवंगार. त्याच्याखाली बसून मास्तरांनी चहाचा कप तसाच निवू दिला.

बुवांना हे सोसेना. समोरचा श्रोता आंबून गेला की ते मध्येच एखादी हलकी कथा घालतात, तशी त्यांनी पार्वताबाईंची गोष्ट काढली. अकोल्याला आम्ही दरवर्षी त्यांच्याकडे उतरतो. मूल ना बाळ, नवरा दहा वर्षांमागे गेला. घरात त्या आणि एक पहाडी राघू.

"मास्तर, त्या राघोबाचा थाट काय सांगू! दिवेलागण झाली की नवऱ्यासारखा दरडावतो, 'पारू, दार लाव!' अहो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून उभा राहिलो. म्हटलं घरधनी आले! फाल्गुन जवळ आला की स्वारी रुसते. चिंध्या ओढून कोपऱ्यात नेते आणि कुणाला जवळ येऊ देत नाही. बाई म्हणतात, 'माया राघोबाले देवानं कंठी नाई देली, म्हून मीच बांधली.' तुळशीचे चार मणी ओवून घातलेत हो गळ्यात!"

कुंदा हसली. मास्तर हसले नाहीत.

"बुवा," ते म्हणाले, "देवळातला चोरीला गेलेला मुकुट तुम्ही शोधून दिला होता. माझी मादी शोधा. मेली असेल तर तसं सांगा. पण माझ्यापासून लपवू नका."

बुवांनी मान हलवली. नंतर मला हळूच म्हणाले, "पेटीवाले, चाळीस वर्षं लोकांच्या तोंडाकडे पाहत उभा आहे मी. कथा कुठे लागली म्हणजे माणूस मान खाली घालतो, ते मला कळतं. मास्तर 'लपवू नका' म्हणाले तेव्हा ह्या घरात एक मान खाली गेली."

"कुणाची?"

बुवांनी पिशवीतून चिपळ्या काढून पुसायला घेतल्या.

३

दुपारी खुशालराव आले. जंगलखात्यात नाकेदार होते, आता पेन्शनीत. दोन्ही पक्षी त्यांनीच मिळवून दिले होते. अंगणात पाय ठेवल्याबरोबर कडाडले.

"कोन्या नालायकानं नेली, सांगा! मी गेल्या साली चांदूर रेल्वेहून तंगड्या तोडत आनली तिले."

"चांदूरला कुणाकडून?" बुवांनी विचारलं.

"एका घरून. पिंजरा वसरीतच टांगेल होता. मी म्हटलं, कितीचा हाय? म्हातारी म्हने, आमच्या राघूले चार वर्सं झाले. मी गळा पायला, तं कंठी नाई. चार वर्सात नराले कंठी येतेच. मास्तरानंच सांगतलं होतं मले. मंग मादी नाई तं काय?"

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले. "तीन वर्षांत नराला कंठी येते. मादीला कधीच नाही."

"ती म्हातारी खोटं बोलली असेल का हो?" बुवांनी विचारलं.

खुशालराव चिडले. "खोटं कावून बोलन? देवपूजा करनारी बाई! चार वर्सापासून त्या घरी राघू हाय, मी सोता पायतो. एक मेला का दुसरा आनते, पिंजरा रिकामा ठेवत नाई. रिकामा पिंजरा घरात बरा नाई म्हन्ते."

बुवांनी डोळे मिटले. कीर्तनात पूर्वरंग संपला की ते असे क्षणभर मिटतात.

"आणि जोडी पिंजऱ्यात नांदत होती ना मास्तर? सुखाने?"

 उत्तर कुंदाने दिलं, जरा घाईने. "नवं नवं भांडायचेच. म्हणून मी मध्ये बांबूचा तट्ट्या लावला होता."

बाजारात नेऊन विकणाऱ्याने कंठीवाला, बोलका नर सोडून बिनकंठीची मादी का न्यावी, हे माझ्या डोक्यात घोळत होतं. तेवढ्यात खुशालराव जायला उठले, फाटकापाशी थांबले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पेटीवाले, तुमच्या बुवाले सांगा. काल सांजच्याले वलगावच्या महादेवरावची बैलाची दमनी याच गल्लीत उभी होती. थो मानूस पोपटाच्या नावानं बोटं मोडते."

४

महादेवरावांचं वावर वलगावच्या शिवारात, काळीभोर जमीन आणि कडेला पेरूची बाग. आम्हांला पाहून ते खाटेवरून उठले, पाया पडले आणि लगेच भांडायला बसले.

"मास्तर पोपटं वाढवून राहिले म्हन्ते! माया ज्वारीच्या कनसाचं काय? आंधी वानेरं होते, डुकरं होते, आता सरकारी पोपटं! बुवा, तुमी कीर्तनातून सांगा त्याले."

"सांगतो. पाणी तरी द्याल?"

ते तांब्या घेऊन आले. उजव्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती.

"काय झालं हो हाताला?"

"इळा लागला. गवत कापून राहिलो होतो."

बुवा पाणी प्यायले, तांब्या परत दिला. ओसरीच्या कडेला पेरूच्या फोडी पडल्या होत्या, बिया तेवढ्या नेमक्या टिपून खाल्लेल्या. बुवा त्याकडे पाहत गोड आवाजात म्हणाले, "महादेवराव, तुम्ही डावखुरे का?"

"नाई बा. कावून?"

"उजव्या हातात विळा धरणाऱ्याचा डावा हात कापतो. तुमचा उजवा कापला. विळ्याने नाही, चोचीने."

महादेवरावांनी तोंड उघडलं, पण आवाज निघाला तो त्यांच्यामागच्या कोठीतून. जड, कर्कश, डोंगरातला.

५

महादेवरावांनी पिंजरा आणून ठेवला. आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, हिरवी मिरची, वर कांबळं. चोराच्या घरी इतकं कोडकौतुक मी पाहिलं नव्हतं.

"मी नाई चोरला," ते म्हणाले. "मास्तराच्या पोरीनं हातात देला. माया पोरीले, शकुनले, तिनं घरी ठेवून शिकवलं, मॅट्रिक केलं. ते दारात रडून राहिली होती, काका, शनवार होईपर्यंत ठेवा म्हने. मी काय म्हनू? पोपटं ज्वारी खातेत तं खातेत. मास्तर पुन्ना मुका झाला तं?"

बुवांनी पक्ष्याच्या मानेवर पंचाचं ओलं टोक फिरवलं. पंचा हिरवा झाला. आणि पिसांखालून, एखादी नवीच काजळरेघ असावी तशी, काळी-गुलाबी कंठी उमटू लागली.

मादी नव्हतीच. कोवळा नर होता.

संध्याकाळी मास्तरांच्या माजघरात बुवांनी सगळं मांडलं. खुशालराव होते, महादेवराव मागे दाराशी उभे होते. कुंदा नकाशाखाली बसली होती.

"खुशालराव खोटं बोलले नाहीत, म्हातारीही नाही," बुवा म्हणाले. "आपल्याकडे राघू मेला की दुसरा येतो, पण नाव तेच राहतं. म्हातारीने चार वर्षं मोजली ती राघू ह्या नावाची. पिंजऱ्यातला पक्षी मधल्या काळात बदलला होता, वर्ष-दीड वर्षाचा होता. विचारतंय कोण? घरात राघू आहे ना, बस. इथे आला, वाढला, आणि दुसरा नर त्याच्या अंगावर धावू लागला. कुंदाने तट्ट्या लावला. मग एक दिवस तिला त्याच्या गळ्यावर कंठीची रेघ दिसली. बरोबर ना, बाळ?"

कुंदाने मान वर केली नाही. "चित्रांचा रंग लावत होते. नकाशातल्या झाडांना लावला तोच. तो न्हायचा आणि पुसला जायचा. शनिवारी साहेबांसमोर पुसला असता तर... चोरी झाली असं वाटलं तर निदान मुदत मिळेल, दुसरी मादी शोधता येईल, असं वाटलं." मग बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, तुम्ही दोन वर्षांनी पहिल्यांदा मला हाक मारली होती, ती हिला पाहायला. 'कुंदा, इकडे ये, मादी बघ.' ती मादी नाही हे मी कोणत्या तोंडाने सांगू?"



मास्तर उठले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. मग खिळ्यावरून नकाशा काढला, त्याची गुंडाळी केली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

भिंतीवर नकाशाच्या जागी नुसता पांढरा चौकोन राहिला. कुंदा त्या चौकोनाकडे पाहत होती. मी पाहिलं तर बुवाही तिकडेच पाहत होते, पण त्यांचे ओठ हलत होते, उत्तररंगाचं आख्यान जुळवताना हलतात तसे.

"पेटीवाले," ते एकदम म्हणाले, "पार्वताबाईंचा राघोबा कुणाच्या आवाजात बोलतो?"

६

"नवऱ्याच्या," मी म्हणालो.

"आणि नवरा जाऊन?"

"दहा वर्षं."

"म्हणजे त्या घरचा पक्षी बदललेला नाही! दुसरा आणला असता तर तो पार्वताबाईंचा आवाज शिकला असता, मेलेल्या माणसाचा कुठून शिकणार? दहा वर्षांच्या वरचा पक्षी, आणि गळ्यात कंठी नाही म्हणून बाई तुळशीचे मणी बांधते. दर फाल्गुनात चिंध्या गोळा करून कोपऱ्यात बसतो. तो रुसत नाही हो पेटीवाले, तो घरटं करतो. ती घरटं करते!"

आतलं दार किलकिलं झालं होतं. मास्तर उंबऱ्यात उभे होते, हातात नकाशाची गुंडाळी तशीच.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे अकोल्याला गेलो. पार्वताबाईंनी चुलीवरून हात न काढता सगळं ऐकलं. राघोबा वर टांगलेल्या पिंजऱ्यातून आमच्याकडे डोकं तिरकं करून पाहत होता.

"मंजे हा बाई हाय?" त्या म्हणाल्या. "बारा वर्सं मी इच्यासमोर लुगडं नेसतानी पाठ करून उभी राहिली!"

बुवा हसले. मी हसलो. मास्तर हसले, अगदी थोडे.  काय मागायला आलो आहोत ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ते मागणं पक्ष्याचं नव्हतं.

शेवटी मास्तरच बोलले. "बाई, मी मागत नाही. माझी बायको गेली तेव्हा तिचा आवाज कुठेच राहिला नाही माझ्याकडे. तुमच्याकडे आहे. तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून जाईन."

पार्वताबाई बराच वेळ भाकरी थापत राहिल्या. एक थापली, दुसरी थापली. तव्यावरची करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. अंगणातून ऊन गेलं, आत अंधारलं. वरून जड पुरुषी आवाज आला.

"पारू, दार लाव!"

"लावते हो," त्या सवयीने म्हणाल्या. उठल्या, दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभ्या राहिल्या.

"त्यायनं सांगतलं ते मी दहा वर्सं ऐकलं," त्या म्हणाल्या. "इनं कोनाचं ऐकाव? इले इचा संसार नाई का? घेऊन जा, मास्तर. उद्या सकाळी न्या. आजची रात राहू द्या."

सकाळी त्यांनी तिच्या गळ्यातला तुळशीचा दोरा स्वतः सोडला आणि देव्हाऱ्यात ठेवला.

शनिवारी साहेब आले. पिंजऱ्यात कंठीवाल्याने पेरूची फोड सोलली, जवळ सरकला आणि ती बिनकंठीच्या चोचीत दिली. साहेबांनी टोपी काढून कपाळ पुसलं आणि घळीतल्या झाडांवर कुऱ्हाड चालणार नाही असा हुकूम तिथेच दिला. कोवळा नर महादेवरावांनी मागून घेतला. म्हणाले, "याले बायको भेटेपर्यंत मायाकडं राहू द्या. पोट्टं चांगलं हाय, फकत चावते."

त्याची बायको शोधायचं काम बुवांनी पत्करलं. तेव्हापासून वऱ्हाडात कुठेही कीर्तन असो, आरती झाली की बुवा झांजा खाली ठेवतात आणि विचारतात, "मायबाप, कुणाच्या घरी पहाडी राघू आहे? खांद्यावर तांबडा डाग? त्याला कंठी आली का? आणि तोच पक्षी आहे ना, की नुसतं नावच जुनं?" लोक हसतात. पण दर दहा गावांत एखादी बाई मागे थांबते आणि पदराला हात पुसत म्हणते, "बुवा, आमच्या राघूले कंठी नाई." मास्तरांचा बेत आता तिथून पुढे चालला आहे.

पुढल्या माघात आम्ही पुन्हा पार्वताबाईंकडे उतरलो. पिंजरा तसाच टांगलेला होता, रिकामा, आत धुतलेली वाटी उपडी. दिवेलागण झाली. त्यांनी समई लावली. मी पेटीवर बोटं ठेवून बसलो होतो, पण सूर धरवेना. आम्ही तिघेही कशाची वाट पाहतो आहोत ते तिघांनाही कळत होतं.



"बाई, दार लावू का?" मी विचारलं.

"नोका लावू," त्या म्हणाल्या. "आता कोनी सांगत नाई. राहू द्या उघडं. कोनी बोलाले आलं तं येईन."

थोड्या वेळाने बाहेर चपला काढल्याचा आवाज झाला. नारायण मास्तर पातूरहून परस्पर आले होते, धोतराला कुसळं, चेहऱ्यावर धूळ. उंबऱ्याशी थांबले.

"घळीतल्या पिंजऱ्यात, ढोलीत अंडी आहेत," ते म्हणाले. "दोन. आणि तुमची राघोबा आता माणसाचा एक शब्द बोलत नाही."

पार्वताबाईंनी डोळे टिपले. मग समईची वात पुढे सारली, पाट टाकला आणि म्हणाल्या, "या ना. उभे कावून राहिले? चहा ठेवते."